कमी दिवसांचं बाळ आणि घरातली मोठी मुलं : इंदूरच्या मराठी घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं तिसरं बाळ ३० आठवड्यांचं असताना जन्मलं. वजन १ किलो २८० ग्रॅम. घरात तेव्हा सहा वर्षांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी होती. बाळ ४१ दिवस रुग्णालयात होतं, आणि घरी आल्यावरही पहिलं वर्ष छातीच्या तक्रारींतच गेलं. आता ते दोन वर्षांचं आहे. तेव्हापासून राजेंद्र नगर, रामबाग, सुदामा नगर, कुठून ना कुठून फोन येत राहतात : कुणाची सून, कुणाची भाची, कुणी रात्री दीड वाजता वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेला बाप. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस तुमच्या बाळाच्या डॉक्टरांनीच सांगायचा. बाकीचं घर कसं चालवायचं, ते मला थोडं माहीत आहे.

१. "कमी दिवसांचं" म्हणजे नक्की किती दिवसांचं?

गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं. ३२ च्या आतलं जास्त जपावं लागतं, २८ च्या आतलं त्याहून जास्त. वजनाचा हिशेब वेगळा असतो : अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं, दीड किलोच्या आतलं फार कमी वजनाचं. फाइलवर दोन्ही आकडे असतात, ते पाठ करा. पुढे प्रत्येक डॉक्टर पहिल्यांदा हेच दोन आकडे विचारतो.

२. सासूबाई म्हणतात सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. आमचं आठव्यातलं आहे.

हे खरं नाही. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुफ्फुसांना बळ देतो, त्यामुळे आठव्यातल्या बाळाची स्थिती सातव्यातल्यापेक्षा चांगलीच असते. हा समज कुठून आला ठाऊक नाही, पण त्याने कित्येक बाळंतिणींच्या रात्री नासवल्या आहेत. सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना डॉक्टरांच्या राउंडच्या वेळी बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आमच्याकडे हाच उपाय लागू पडला.

३. बाळाचं वय कोणतं धरायचं? जन्मतारीख की डॉक्टरांनी दिलेली बाळंतपणाची तारीख?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून नीट लिहिते.

लशी जन्मतारखेप्रमाणे. मान धरणं, पालथं पडणं, बसणं, बोलणं हे दुरुस्त वयाप्रमाणे, म्हणजे जितके आठवडे आधी आलं तितके वजा करून. माझं बाळ दहा आठवडे आधी आलं. त्यामुळे सहा महिन्यांचं झालं तेव्हा ते खरं तर साडेतीन महिन्यांच्या बाळासारखं होतं. शेजारच्या सहा महिन्यांच्या बाळाशी त्याची तुलना करणं म्हणजे दुसरीतल्या मुलाला चौथीचा पेपर देणं. हा हिशेब साधारण दोन वर्षांपर्यंत धरतात. तिसरं घड्याळ डोळ्यांचं, त्याबद्दल प्रश्न ४ मध्ये.

उष्टावणही दुरुस्त वयाने. मान पक्की आहे का, चमचा जवळ आला की तोंड उघडतं का, हे पाहून डॉक्टर सांगतात. पंचांगातला सहावा महिना आपल्या बाळाच्या मानेला माहीत नसतो.

४. डोळ्यांची तपासणी एवढी महत्त्वाची का? बाळ तर नीट बघतंय.

एक महिन्याचं बाळ नीट बघतंय की नाही, हे आपल्याला कळत नाही. कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण वाढलेल्या नसतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा ओढला जाऊन कायमचं अंधत्व येऊ शकतं. डॉक्टर याला आरओपी म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही. वेळेत सापडलं तर लेझर किंवा इंजेक्शनने थांबवता येतं. ती वेळ गेली की हातात फार काही उरत नाही.

३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत व्हायला हवी. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. एकदा तपासून भागत नाही. रक्तवाहिन्या पूर्ण वाढेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी बोलावतात.

आमची पहिली तपासणी २७ व्या दिवशी, रुग्णालयातच झाली. दुसरी दोन आठवड्यांनी होती, म्हणजे नेमकी घरी सोडायच्या दिवशी. त्या दिवशीच्या धांदलीत ती राहिली, आणि सुट्टीच्या कागदावर पुढची तारीखही कुणी लिहिली नाही. शेजारच्या वॉर्मरवरच्या (बाळाला गरम ठेवणारी उघडी खाट) बाळाच्या आईने जिन्यात विचारलं, "डोळे झाले का?" तिने विचारलं नसतं तर मला आठवलं नसतं. म्हणून घरी निघताना कागद हातात घेऊन आधी डोळ्यांची तारीख शोधा. नसेल तर लिहून घेतल्याशिवाय रिक्षात बसू नका. कानांच्या तपासणीचंही तेव्हाच विचारा, तीही बहुतेक वेळा राहून जाते.

५. घरी कधी सोडतात?

बाळ श्वास स्वतः घेतंय, दूध तोंडाने पितंय, उघड्या खोलीत अंग गरम राहतंय आणि वजन रोज वाढतंय, असं झालं की. आकड्यापेक्षा हे चार मुद्दे महत्त्वाचे. आमचं १ किलो ७९० ला सुटलं.

६. कांगारू पद्धत घरी करायची का? घरात दोन मुलं असताना वेळ कुठून आणायचा?

करायची, आणि एकटीने नाही. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून ओढणी किंवा शाल. ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना गरम ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते.

आठ तास ऐकून छातीत धस्स होतं, पण छाती कुणाचीही चालते. बाबाची चालते, आजीची चालते, मामाचीही. आमच्याकडे पहाटे मी, संध्याकाळी कामावरून आल्यावर अंघोळ करून नवरा, आणि दुपारी माझी आई. एका वेळी तासभर तरी हवं, दर दहा मिनिटांनी उचलाउचल नको. याच तासात मोठ्या मुलांना शेजारी बसवून गोष्ट सांगता येते. माझ्या मुलीला तो तास तिचाच वाटायचा. बाळ तिथे आहे, हे ती विसरून जायची.

७. बाळाला ओढून पिण्याची ताकद नाही. दूध कसं द्यायचं, किती टिकतं?

हाताने किंवा पंपाने काढून, बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने. बाटली नको : स्वच्छ ठेवणं अवघड, आणि बाळ अंगावर यायला आळस करतं. काढलेलं दूध झाकून खोलीत चार तास, फ्रीजच्या आतल्या कप्प्यात २४ तास. फ्रीजच्या दारात ठेवू नका. मोठी मुलं दिवसातून वीस वेळा दार उघडतात. गरम करायचं ते कोमट पाण्यात वाटी ठेवून, गॅसवर नाही. मे महिन्यातल्या इंदूरच्या दुपारी मी चार तासांचा नियमसुद्धा तीनचा केला होता.

बोंडलं आणि पंपाचे भाग धुऊन रोज उकळा. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे साठवणीच्या टाकीतलं पाणी उकळल्याशिवाय या भांड्यांना लावलं नाही.

घरी आल्यावर वजन रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. रोज मोजू नका, वेड लागेल. आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, उघड्या अंगाने. लोहाचे थेंब सुरू झाले की शी काळपट हिरवी होते, घाबरू नका.

८. लस वजन वाढल्यावर द्यायची की लगेच?

बाळ स्थिर असेल तर जन्मतारखेप्रमाणे, पूर्ण डोस. लस लहान करून देत नाहीत. एक अपवाद : जन्माच्या वेळी वजन दोन किलोच्या आत असेल तर हेपॅटायटिस बी चा जन्माचा डोस हिशेबात धरत नाहीत. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमधून (पाच आजारांवरची एकत्र लस) पुढचे तीन डोस मिळतात, म्हणून सहसा वेगळं काही करावं लागत नाही. तरी कार्डावर जन्माचं वजन लिहिलेलं आहे ना, ते पाहा. बाळाच्या दादा-ताईच्या राहिलेल्या लशीही याच वेळी पुऱ्या करा.

९. आजी शेक-शेगडी, धुरी, गुटी, काजळ, तेल सगळं करायला सांगतात. काय चालेल?

आधी माझं मत : आजीचा शत्रू करू नका. या घरात बाळंतपण केलेलं दुसरं माणूस तीच आहे. पण काही गोष्टींना ठाम नाही म्हणावंच लागतं.

धुरी नाही. ओवा, बाळंतशेपा, धूप, काहीही असो, धूर तो धूरच. कमी दिवसांच्या फुफ्फुसांना त्याच्याइतकं वाईट काही नाही. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी नाही : बंद खोलीत कोळशाचा वायू जमतो आणि जीव जातो. बाळ असलेल्या खोलीत डासांची कॉइल नाही, मच्छरदाणी लावा. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाहेर, अंगणात, परत येताना शर्ट बदलून.

गुटी नाही. सहाणेवर उगाळलेल्या जायफळाने बाळ शांत झोपतं म्हणतात, आणि नेमकी तीच झोप नको, कारण अशा बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो. मध एक वर्षापर्यंत मुळीच नाही. काजळ नाही. नाका-कानात तेलाचा थेंब नाही : नाकातलं तेल श्वासाबरोबर फुफ्फुसात उतरतं. मालिशवालीने छातीच्या गाठी पिळणं, पायांना धरून उलटं लोंबकळवणं, हे तर कुठल्याच बाळाला नाही.

हलक्या हाताने खोबरेल तेल लावणं चालतं. वजन पुरेसं वाढल्यावर, गरम खोलीत, डॉक्टरांना विचारून. आजीला हेच काम द्या. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी रागावून देवघरात जाऊन बसल्या होत्या. मी एवढंच म्हटलं, "आई, धुरी राहू द्या, पण तेल तुमच्याच हाताने लागू द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मालिशवालीला दारातूनच परत पाठवलं.

१०. बारसं बाराव्या दिवशी करता आलं नाही. आता कधी?

केव्हाही. बाराव्या दिवशी बाळ पेटीत असेल तर पाळणा वाट पाहील. आम्ही बाळ साडेतीन महिन्यांचं झाल्यावर, घरातल्या सात माणसांत केलं. आत्या ग्वाल्हेरहून आली आणि सकाळीच तिला शिंका सुरू झाल्या. ती स्वतःहून दारात थांबली. कानात "कुर्र" मग माझ्या तीन वर्षांच्या मुलीने केलं, मास्क लावून, आत्याने दारातून सांगितलेलं नाव. आजही ती सगळ्यांना सांगते की बाळाचं नाव तिने ठेवलं.

नाव ठरलेलं नसलं तरी जन्माची नोंद मात्र २१ दिवसांच्या आत करून घ्या. नाव नंतर घालता येतं.

११. मोठ्याला शाळेतून सर्दी होते. बाळाला कसं वाचवायचं? शाळा बंद करू का?

शाळा बंद करू नका. आम्ही पहिला महिना केली आणि पस्तावलो. मुलगा घरात कोंडला गेला, चिडचिडा झाला, आणि सगळा दोष बाळाला द्यायला लागला. "तुझ्यामुळे मला जाता येत नाही," असं त्याने पाळण्यापाशी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याला शाळेत पाठवलं.

त्याऐवजी दारातली शिस्त. शाळेतून आला की बूट बाहेर, दप्तर दाराजवळच, हात-तोंड साबणाने, युनिफॉर्म बदलायचा, मग बाळ. आमचं शहर स्वच्छतेत २०१७ पासून पहिलं येत आलंय, पण बाळाला वाचवते ती नळाजवळची साबणाची वडी. मुलांच्या उंचीला पाट ठेवा, म्हणजे कुणाला बोलवावं लागत नाही. बाळाच्या पायांना हात लावायचा, चेहऱ्याला आणि हातांना नाही, हा नियम तीन वर्षांच्या मुलीलाही कळला.

खरंच सर्दी-खोकला झाला तर त्याला दुसऱ्या खोलीत झोपवा आणि त्याच्याबरोबर घरातलं आवडतं माणूस झोपवा. एकट्याला नाही. आजारी मुलाला "बाळापासून लांब हो" एवढंच ऐकू आलं तर ते त्याला शिक्षा वाटते. आईलाच सर्दी असेल तर मास्क लावून अंगावर पाजणं चालू ठेवायचं. दूध बंद करायचं नाही.

सहा महिन्यांवरच्या मुलांसाठी आणि घरातल्या मोठ्यांसाठी फ्लूची लस असते. पावसाळ्याआधी डॉक्टरांशी बोला.

१२. मोठ्या मुलांना काय सांगायचं? किती सांगायचं?

खरं, आणि छोटं. "बाळ लवकर आलं. त्याची छाती अजून कच्ची आहे. डॉक्टर मशीनने श्वास देतायत. कधी घरी येईल ते आम्हाला अजून माहीत नाही." एवढं पाच वर्षांच्या मुलाला पुरतं. शेवटचं वाक्य सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचं. "दोन दिवसांत येईल" असं मी एकदा सांगितलं होतं. दोन दिवसांनी तो पायरीवर बसून राहिला, जेवायलाही आला नाही. त्यानंतर मी तारीख कधीच सांगितली नाही.

आणखी दोन वाक्यं न विचारता सांगा : "हे तुझ्यामुळे झालेलं नाही" आणि "हे तुला होणार नाही." माझ्या मुलाला पोटावर डोकं ठेवून झोपायची सवय होती. बाळ लवकर आलं ते त्याच्या डोक्याच्या भाराने, असं त्याने पाच आठवडे मनात धरून ठेवलं होतं. मला कळलं ते त्याच्या बाईंकडून. म्हणून शाळेतल्या बाईंना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. जे मूल घरी बोलत नाही, ते चित्रात काढतं किंवा मैत्रिणीला सांगतं.

रुग्णालयात मुलांना आत सोडत नाहीत. फोटो दाखवा, पण आधी नळ्या कशाच्या आहेत ते सांगून : ही दुधाची, ही श्वासाची, या तारेने मशीन ठोके मोजतं. आम्ही मुलांची चित्रं वॉर्मरला लावायला दिली होती, सिस्टरने प्लॅस्टिकमध्ये घालून लावली.

१३. तीन वर्षांची मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करते, बाटली मागते, "बाळ परत देऊन ये" म्हणते.

म्हणू द्या. रागावू नका, हसूही नका. "तुला राग आलाय. आई सारखी तिकडेच असते ना," एवढं पुरे. ओलं अंथरूण चर्चेशिवाय बदला, बाटली मागितली तर द्या. आमच्याकडे सहा आठवड्यांत तिने ती स्वतःच फडताळात ठेवून दिली.

रोज पंधरा मिनिटं एकट्या तिची ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत, बाळ दुसऱ्याकडे, खेळ ती सांगेल तो. तास मिळत नाही म्हणून पंधरा मिनिटंही न देणं, ही माझी चूक होती. "तू आता मोठी ताई, शहाणी हो" हे वाक्य मात्र घरातल्या प्रत्येकाच्या तोंडून बंद करा. ती तीन वर्षांची आहे. काम द्यायचंच असेल तर मजेचं द्या. सकाळी कचरागाडी आली की डायपरची पिशवी वेगळ्या सॅनिटरी कप्प्यात टाकायला ती बाबांबरोबर धावत जायची.

१४. मोठ्याचं तापाचं औषध बाळाला थोडं कमी करून देता येईल का?

नाही, कधीच नाही. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तर मोठ्या मुलांच्या नेहमीच्या सिरपात पाच मिलीत १२० च्या आसपास. म्हणजे थेंब चौपट तीव्र. अर्ध्या झोपेत बाटली बदलली की डोस चौपट होतो. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांतही तसंच : एका कंपनीच्या एका मिलीत ४००, दुसरीच्या एका मिलीत ८०० एकक. दुकानदाराने "तेच आहे" म्हणून दुसरी बाटली दिली तर लेबल वाचा आणि डॉक्टरांना फोन करा. आम्ही बाळाची औषधं लाल झाकणाच्या डब्यात आणि मुलांची स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली. दोन्ही कधी एका खोलीत नाहीत.

खोकल्याचं सिरप तर मोठ्यालाही मनाने देऊ नका. २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपाने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि मुलं दगावली. दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याचं औषध द्यायचं नाही आणि पाच वर्षांच्या आतही सहसा नको, असा सरकारचा सल्ला आहे.

१५. रात्री केव्हा धावायचं आणि केव्हा सकाळची वाट पाहायची?

हे कागदावर लिहून फ्रीजवर लावा. लगेच निघायचं, जर :

दूध ओढणं थांबलं किंवा बाळ मलूल, ढिलं पडलं. शांत असताना श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त (दोन महिन्यांच्या आत, त्यापुढे वर्षापर्यंत ५०). पूर्ण मिनिट मोजा, अर्धं मोजून दुप्पट करू नका. श्वास घेताना छाती खाली आत ओढली जाते, कण्हल्यासारखा आवाज येतो. ओठ किंवा जीभ निळी. श्वास २० सेकंद थांबला. ताप ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर. अंग ३६ च्या खाली गेलं आणि कांगारूत तासभर धरूनही वर येत नाही. झटके. हिरवी उलटी.

श्वास थांबला तर आधी तळपायाला टिचकी मारा, पाठ चोळा, आणि कुणीतरी १०८ लावा. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा सुरू होणारा श्वास कमी दिवसांच्या बाळांत दिसतो. रंग नीट असेल तर तो सकाळी सांगितला तरी चालतो.

रात्री निघताना मोठ्या मुलांकडे कोण थांबेल, हे आजच ठरवा. आमच्या समोरच्या काकूंकडे आमच्या घराची किल्ली होती. मुलं झोपलेली असताना आम्ही दोनदा निघालो. दोन्ही वेळा सकाळी त्यांना काकू दिसल्या, रिकामं घर नाही. बाळ झोपवायचं ते नेहमी पाठीवर, उशी, दुलई आणि मोठ्या भावंडाशिवाय.

१६. पाहुणे, गेर, झांक्या यांचं काय?

पहिले तीन-चार महिने पाहुणे दारातून. "डॉक्टरांनी मनाई केली आहे" म्हणा, खरं तेच आहे. भेटायला येणाऱ्याला काम द्या : मोठ्याला बागेत न्या, डबा आणा, बोंडली उकळून द्या. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला लगेच सांगायचं.

रंगपंचमीला राजवाड्याची गेर (रंग-गुलालाची मिरवणूक) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ) बाळाला नाहीत. गुलालाचा धुरळा हवेत कितीतरी वर जातो आणि तासन् तास राहतो. पण मोठ्यांना न्याच, काका-मामाबरोबर. परत आल्यावर बाहेरच अंघोळ. त्यांच्या वाट्याचं इंदूर त्यांना मिळू द्या.

१७. बाळ ऑक्सिजनसह घरी येणार आहे. घरात दोन मुलं आणि देवघर आहे.

आग हा पहिला विचार. निरांजन, उदबत्ती, गॅस, सगळं ऑक्सिजनपासून दहा फूट तरी लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. बाळाच्या नाकाला तूप किंवा व्हॅसलीन लावायचं नाही, ऑक्सिजनपाशी तेही पेट घेऊ शकतं. नळी भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने लावा, मुलं पळताना अडखळतात. कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) विजेवर चालतो, म्हणून भरलेला छोटा सिलिंडर जवळ हवाच, आणि तो साखळीने भिंतीला बांधलेला. वीज गेल्यावर कोण काय करेल, याची दिवसा एकदा तालीम करा. मोठ्या मुलाला बॅटरी आणायचं काम द्या, तो ते मनापासून करेल.

१८. पैसे?

सरकारी रुग्णालयात आजारी बाळाला एक वर्षापर्यंत उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण मोफत असते (जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम). इंदूरमध्ये एमवाय (महाराजा यशवंतराव रुग्णालय) आणि चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहेत. जन्मजात हृदयदोष, बहिरेपण, आरओपी, वाढ मागे पडणं यांची तपासणी आणि पुढचे उपचार राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होतात, जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी केंद्र) विचारा. आयुष्मान कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. खाजगी विम्यात बऱ्याच पॉलिसी नवजात बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात, पण कंपनीच्या गट विम्यात सहसा पहिल्या दिवसापासून. नवऱ्याच्या ऑफिसात आजच विचारायला लावा.

१९. रजा संपली, आणि मला सारखं रडू येतं.

पहिल्या दोन बाळांना २६ आठवड्यांची रजा, तिसऱ्याला १२. माझं तिसरं होतं. १२ पैकी जवळपास सहा आठवडे वॉर्डाबाहेरच गेले. अकाली बाळंतपणामुळे आईला आजारपण आलं तर दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजा कायद्यात आहे. मला ती कुणी सांगितली नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

रडू दोन आठवड्यांपलीकडे चाललं, झोप मिळत असूनही येत नाही, बाळाकडे पाहावंसं वाटत नाही किंवा जगावंसं वाटत नाही, तर हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र. हे बापांनाही होतं. माझा नवरा महिनाभर गाडी पार्क करून खालीच बसून राहायचा. मला वाटायचं कामात आहे.

२०. जुळं होतं. एक गेलं, एक घरी आलं. मोठ्या मुलांना कसं सांगू?

हे माझ्या घरात घडलेलं नाही. ज्यांच्या घरात घडलं त्यांच्याजवळ बसून जे कळलं, तेवढंच लिहिते.

साध्या शब्दांत : "बाळ मेलं. त्याचं शरीर चालायचं थांबलं. ते आता परत येणार नाही." "झोपलं" म्हणू नका, मुलांना झोपेची भीती बसते. "देवाला आवडलं" म्हणू नका, मग घरी आलेलं बाळही देवाला आवडेल का, असं विचारतात. पाच वर्षांच्या आतलं मूल हाच प्रश्न दहा वेळा विचारतं, खेळता खेळता. दहाही वेळा तेच उत्तर द्या. प्रश्न १२ मधली दोन वाक्यं इथे सगळ्यात जास्त लागतात, कारण "मला दोन नको होती" असं कधीतरी म्हणालेलं मूल आता गप्प बसलेलं असतं.

गेलेल्या बाळाचं नाव ठेवलं असेल तर घरात घ्या. आईने रडताना मुलांपासून लपू नये. "मला त्याची आठवण आली" एवढं सांगावं.

आणि एक कामाची गोष्ट. जगलेल्या बाळाच्या प्रत्येक कागदावर "जुळं दोन" असं लिहिलेलं राहतं, लशीच्या कार्डावरही. दर वेळी नवी सिस्टर सहज विचारते, "दुसरं कुठाय?" पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून फाइलच्या वरच्या पानावर लाल पेनाने दुसरं बाळ गेल्याचं लिहून घ्या, आणि पुढच्या वेळी मोठं मूल बरोबर असेल तर फाइल तुम्ही नाही, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आधी जाऊन खिडकीवर द्यावी.